बेलवाडीत न राहणारे अठरा जण

फ्रिजमध्ये ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती आणि हव्या होत्या दोन.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. आमच्या रक्तपेढीच्या खिडकीपाशी एक माणूस पाय जुळवून ताठ उभा होता. केस बारीक कापलेले, शर्टाला कडक इस्त्री. एका हातात प्रसूतिगृहाची चिठ्ठी, दुसऱ्या हातात रक्ताच्या नमुन्याची नळी. ती नळी त्यानं अशी धरली होती की जणू जरा हलली तर फुटेल.

"नाईक शिंदे, मॅडम. मलकापूरचा. फौजेतनं सुट्टीवर आलोय. मिसेसला अ‍ॅडमिट केलंय."

मिसेस बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे सांगलीत आली होती. वार खाली होती. वार म्हणजे बाळाला पोसणारा भाग. तो गर्भाशयाच्या तोंडाशी असला की बाळाच्या आधी रक्तच बाहेर पडायला लागतं. पहाटेपासून तिला थोडं थोडं जात होतं. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी तीन वाजता सिझेरियन करायचं ठरवलं होतं आणि दोन पिशव्या हाताशी असाव्यात असं चिठ्ठीत लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याआधी रक्तस्राव वाढला, तर आहे त्यावर ऑपरेशन करावं लागणार होतं. हे चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं, पण मला कळत होतं आणि नाईक शिंद्यांनाही कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

मी तेव्हा सांगलीतल्या एका रक्तपेढीत टेक्निशियन होते. आता निवृत्त आहे. गोष्ट नव्वदच्या दशकातली, दशक संपत आलं होतं तेव्हाची.

ओ निगेटिव्ह हा गट थोरल्या सुनेसारखा. सगळ्यांना देत सुटायचं आणि स्वतःवर वेळ आली की हात धरायला कुणी नाही. या गटाचं रक्त अडीअडचणीला कुणालाही चालतं, पण या गटाच्या माणसाला मात्र ओ निगेटिव्हच लागतं. आणि आपल्याकडे निगेटिव्ह माणसं फार थोडी.

"माझं घ्या," शिंदे म्हणाले. "कितीबी घ्या."

"तुमचा गट?"

"बी पॉझिटिव्ह."

"चालणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "युनिटात असतो ना मॅडम, तर आत्ता दोनशे जवान लाइनीत उभे केले असते. हितं मी एकटाच हाय."

मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

आमचे डॉक्टर आपटे आतून आले. ते रक्तपेढीचे प्रमुख. माणूस शांत, पण तिरकस. त्यांनी मिरजेला फोन लावला, मग कोल्हापूरला. मिरजेत एकही पिशवी नव्हती. कोल्हापूरची होती ती त्याच सकाळी दुसऱ्या पेशंटला गेली होती.

"माने, आता तुमच्या यंत्राला विचारा," ते मला म्हणाले.

यंत्र म्हणजे आमचा कॉम्प्युटर. तो येऊन दीडेक वर्ष झालं होतं. त्याआधी रक्तदात्यांची माहिती पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायची. नऊशेच्या वर कार्डं होती आणि एखाद्या गटाचा माणूस शोधायचा तर सगळी कार्डं पत्त्यांसारखी पिसत बसावं लागायचं. ती सगळी कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. रोजचं लॅबचं काम सांभाळून दोन-अडीच महिने जातील, असं डॉक्टरांनी धरलं होतं. मी महिन्याच्या आत संपवलं.

कसं? तर शॉर्टकट. मला कीबोर्डचा नाद लागला होता म्हणा ना. वरच्या ओळीत एफ वन, एफ टू अशी बटणं असतात, त्यांच्यामागे आपल्याला हवा तो मजकूर साठवून ठेवता येतो, हे मला एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी दाखवलं होतं. मी एफ थ्रीमागे 'पाटील' ठेवलं. आमच्या भागात तेवढ्यानंच निम्मं काम झालं. एफ फोरला 'तासगाव', एफ फाइव्हला 'शेती'. रक्तगटांना आकडे दिले. एक दाबलं की ए पॉझिटिव्ह, आठ दाबलं की ओ निगेटिव्ह. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'कॅरी' नावाची एक सोय होती. ती चालू ठेवली की आधीच्या माणसाची माहिती पुढच्या माणसाच्या पानावर आपोआप यायची. जेवढं वेगळं असेल तेवढंच बदलायचं. आज तुमचा फोन दोन अक्षरं लिहिताच पुढचा शब्द स्वतःच सुचवतो, त्याचीच ही कुठली तरी पणजी.

खेड्यातल्या शिबिरांना ही सोय फारच कामाची. एका शिबिरातले सगळे एकाच गावचे. गाव तेच, तालुका तोच आणि फोनही तोच. कारण गावात फोन असायचे एक-दोन, तेही दुकानात नाहीतर ग्रामपंचायतीत. लोक आपला नंबर म्हणून तोच सांगायचे आणि पुढे 'पी.पी.' लिहायचे. म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणूस बोलावून देणार. नाव आणि गट तेवढा टाइप करायचा, बाकीच्या रकान्यांवरून एंटर, एंटर, एंटर. माझी बोटं तेव्हा अशी चालायची की डॉक्टर विश्वस्तांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर मी यंत्राला विचारलं. आठ दाबलं. यादी आली. सहा नावं.

चार सांगली शहरातली. पहिल्याला नुकतीच कावीळ होऊन गेली होती. दुसऱ्यानं तीन आठवड्यांपूर्वी रक्त दिलेलं. तीन महिन्यांच्या आत पुन्हा घेत नाहीत. तिसरा बदली होऊन पुण्याला गेलेला. चौथ्याचा फोन बंद.

उरलेले दोघे बेलवाडीचे, तासगावच्या पुढचं गाव. श्रीरंग पाटील आणि संपत कांबळे. दोघांचा नंबर एकच, पी.पी. मला आनंद झाला. एका फोनमध्ये दोन माणसं.

बारा वाजायला आले होते. ताजं रक्त घेतलं तरी लगेच देता येत नाही. त्याच्या तपासण्या करायच्या, मग क्रॉसमॅच. म्हणजे पेशंटचं आणि दात्याचं रक्त नळीत एकत्र करून ते एकमेकांशी पटतं का ते बघायचं. घाई केली तरी दीड तास. तीनला पिशवी हवी तर दीडच्या आत माणूस आमच्या कॉटवर आडवा झालेला हवा. बेलवाडीहून मोटारसायकलनं निघाला तर जेमतेम जमत होतं.

तिसऱ्या वेळी फोन लागला.

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून जाड आवाज आला.

"बेलवाडी का? सांगलीच्या रक्तपेढीतून बोलतेय. श्रीरंग पाटलांना बोलावता का? अर्जंट आहे."

"श्रीरंग मास्तर व्हय? त्यांची बदली झाली की. दिवाळीतच गेलं जतकडं."

"बरं, मग संपत कांबळे?"

"संपत कांबळे? न्हाई बा. कांबळ्यांची धा घरं हायती गावात, पर संपत कोण न्हाई."

"नीट आठवा हो."

"आवं बाई, गावातलं समदं निरोप माज्याच दुकानात येत्यात. मला ठावं नसंल व्हय? संपत न्हाई."

मी फोन ठेवला. एसटीडीचं मीटर पळत होतं आणि घड्याळही.

आता खरं सांगते, त्या क्षणी मला दुकानदाराचा राग आला. वाटलं, याला कंटाळा आलाय. यादीत स्पष्ट लिहिलंय आणि हा न्हाई म्हणतोय. मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. गटाची अट काढून सगळी यादी उघडली आणि संपतच्या खालचं नाव पाहिलं. बेलवाडी, तोच नंबर. त्याच्या खालचं, तेच. मी पानं खाली नेत गेले. बेलवाडी, बेलवाडी, बेलवाडी. मग मोजलं. बेलवाडीच्या नावावर एकूण एकेचाळीस माणसं होती.

आमच्या लोखंडी कपाटात शिबिरांचं रजिस्टर होतं. त्यात बेलवाडीचे दाते होते तेवीस.

अठरा माणसं जास्त होती. मी उठून कार्डांचे गठ्ठे काढले. नशीब, डॉक्टरांनी ते रद्दीत घालू दिले नव्हते. मी दोनदा म्हटलं होतं, कपाट मोकळं होईल म्हणून. नोंदीच्या नंबरावरून संपतचं कार्ड हाताला लागलं. नाव, संपत कांबळे. वय, अठ्ठावीस. गट, ओ निगेटिव्ह. धंदा, ट्रॅक्टर ड्रायव्हर, बेदाणा शेड. गावाची जागा कोरी. फोनची जागा कोरी.

कार्ड लिहिणाऱ्यानं माहीत नव्हतं तिथं काही लिहिलं नव्हतं. मी टाइप करताना त्या दोन रकान्यांवरून एंटर मारत पुढे गेले होते आणि कॅरीनं तिथे आधीच्या माणसाचं गाव, आधीच्या माणसाचा फोन बसवला होता. त्याच्यापुढच्या सतरा जणांचंही तेच. अठरा माणसं मी बसल्या जागी बेलवाडीला वस्तीला पाठवली होती.

हे डॉक्टरांना सांगणं भाग होतं. सांगितलं. शिंदे खिडकीपाशीच उभे होते, त्यांनाही सगळं ऐकू गेलं. मला वाटलं ते आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर आपट्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी आपण दोन शिबिरं घेतली होती," ते म्हणाले. "सकाळी बेलवाडी, आणि दुपारी कुठल्यातरी शेडवर. मी गेलो नव्हतो. कुठल्या शेडवर?"

मीही गेले नव्हते. रजिस्टरात दुपारच्या शिबिरापुढे नुसतं 'शेड' एवढंच लिहिलं होतं. जे दोघं गेले होते, ते नेमके आम्हाला हवे असताना आमच्या जीपमधून विट्याला शिबिराला गेलेले. आणि तासगाव भागात द्राक्षं वाळवून बेदाणा करायच्या शेड किती, हे विचारू नका. रस्त्यानं जाताना दोन्ही अंगाला हिरव्या जाळ्याच जाळ्या दिसतात.

"त्या दुकानदाराला पुन्हा फोन लावा," डॉक्टर म्हणाले.

"तो म्हणतो संपत नाही तिथे."

"तुम्ही त्याला संपत बेलवाडीत आहे का असं विचारलंत. तो नाही म्हणाला. खरं बोलला बिचारा. आता दुसरं काहीतरी विचारा."

मी पुन्हा नंबर फिरवला. या वेळी मी आधी स्वतःचं नाव सांगितलं. त्याचं विचारलं. तातोबा, असं म्हणाला. मग सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. बाई अडलेली आहे, रक्त नाही, माणूस संपत कांबळे, आणि तो आणि आणखी सतरा जण बेलवाडीचे आहेत ही माझी चूक आहे.

"आस्सं व्हय!" तातोबाचा आवाजच बदलला. "आवं, मग त्या नावांची तुमची कार्डं माज्याकडंच पडल्याती की! पोष्टमननं आणून टाकली व्हती. सतरा-अठरा आस्तील. गावात कुणीच नेईना. मी म्हनलं, सरकारी काम आसंल, हुतंय आसं."

रक्त दिलेल्या प्रत्येकाला आम्ही टपालानं डोनर कार्ड पाठवायचो. पत्ते कॉम्प्युटरवरून छापायचो. वर्षभर ती कार्डं त्याच्या दुकानात, कुठल्या डब्यामागं कोण जाणे, पडून होती आणि इकडे मी माझ्या वेगाचं कौतुक करून घेत होते.

"तातोबा, त्या दिवशी आमची जीप तुमच्याकडून कुठं गेली, आठवतंय का काही?"

"आठवतंय म्हंजे! माज्याच दुकानातनं तुमच्या लोकांनी बिस्किटाचं पुडं न्हेलं, रगत देनाऱ्यास्नी द्यायला. म्हनलं, एवढं पुडं कुठं? तर म्हनलं, वरच्या अंगाला आण्णांच्या शेडवर. तिथं लांबलांबची मान्सं असत्यात कामाला."

"तिथं फोन आहे?"

"न्हाई. पर थांबा की. ट्रॅक्टर ड्रायव्हर म्हनता न्हवं? काळा, उंच, डाव्या हातात कडं?"

"ते मला माहीत नाही हो."

"त्योच आसंल. त्याला आमी डायवर म्हनूनच वळकतो, नाव कुनाला ठावं? आवं, आज बेदाण्याचा सौदा हाय न्हवं का? सकाळी सातला माज्या दारातनं ट्रॅक्टर सांगलीकडं गेला. त्यो तुमच्याच गावात हाय, बाई! मार्केट यार्डात बगा जावा!"

मी त्याचे आभार मानायच्या आत तोच ओरडला, "पयल्यांदा ह्ये इचारलं आसतं, तर तवाच सांगितलं आसतं! ठिवा फोन, पळा!"

साडेबारा.

"मी जातो," शिंदे म्हणाले. ते निम्मे दाराबाहेर होतेही.

"दोघं जा," डॉक्टर म्हणाले. "माने, तुम्ही माणूस बघा, द्यायच्या स्थितीत आहे का ते तपासा. मी इथं सगळं मांडून ठेवतो."

शिंद्यांच्या मेव्हण्याची स्कूटर बाहेर होती. मी मागे बसले. आयुष्यात परक्या माणसाच्या स्कूटरवर मागे बसायचा तो माझा पहिला आणि शेवटचा दिवस. मार्केट यार्डापर्यंत त्यांनी हॉर्नवरचं बोट काढलं नाही. ब्रेकही फारसा लावला नाही.

यार्डात सौदे ऐन रंगात आले होते. सौदा म्हणजे लिलाव. दुकानापुढे बेदाण्याचे बॉक्स मांडलेले, वरचे उघडून ठेवलेले. व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेऊन बघताहेत आणि आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, भाव पुकारतोय. तिथं एकदा पुकारा सुरू झाला की मध्ये कुणी बोलत नाही. देवळात आरतीच्या वेळी कसं, तसं.

आणि ट्रॅक्टर किती असावेत? मला पंधराच्या वर दिसले. मी पहिल्या ट्रॅक्टरकडे निघाले, एकेकाला विचारावं म्हणून. दोन पावलं गेले असेन, तेवढ्यात माझ्या मागून असा आवाज आला की मी जागच्या जागी दचकले.

"संऽऽपत कांबळेऽऽ!"

परेडच्या मैदानावरचा आवाज तो. पत्र्याखालची कबुतरं उडाली. आडत्याचा पुकारा तोंडातच राहिला. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"ओ पावणं!" आडत्या भडकला. "सौदा चाललाय, दिसत न्हाई का?"

"दिसतंय साहेब," शिंदे म्हणाले. आवाज तोच. "माझी मिसेस दवाखान्यात हाय. रगत पायजे. ह्या मान्साचं रगत जुळतंय. एवढा माणूस द्या, मग तुमी काय बोलायचं ते बोला."

मग हमालांचा मुकादम पुढे आला, डोक्याला लाल टॉवेल गुंडाळलेला म्हातारा. "संपत म्हंजे आण्णांच्या ट्रॅक्टरवरचा का रं?" त्यानं एका हमालाला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आम्हाला म्हणाला, "या माज्यासंगं."

रांगेच्या टोकाला एक ट्रॉली होती. तिच्या सावलीत, चाकाला पाय लावून, तोंडावर टोपी ठेवून एक उंच माणूस गाढ झोपला होता. डाव्या हातात कडं होतं. शिंद्यांच्या हाकेनं सगळं यार्ड हललं, हा तेवढा हलला नव्हता.

मुकादमानं त्याला पायानं ढोसलं. "ऊठ रं गड्या. तुज्याकडं पावणं आल्यात."

तो धडपडत उठला. "काय झालं? ट्रॅक्टर काढू का?"

मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर माझ्यावर नव्हती, शिंद्यांवर होती. सगळं ऐकून म्हणाला, "मागं दिलं व्हतं मी. तुमी म्हणालावता कार्ड धाडतो. आलंच न्हाई."

"माझी चूक झाली," मी म्हटलं. त्या दिवशी हे वाक्य मी तिसऱ्यांदा म्हणत होते. सवय होत चालली होती.

"देतो की. त्यात काय! पर माल हाय आण्णांचा. सौदा हुईस्तवर हलू नगं म्हणून सांगितलंय."

मुकादम तसाच गेला आणि आण्णांच्या बॉक्सच्या थप्पीवर मांडी घालून बसला. वरून ओरडला, "जा रं! तू येईस्तवर हितनं कोण एक दाणा हलवत न्हाई." भडकलेला आडत्याही मान हलवून म्हणाला, "ह्यांचा माल शेवटाला घेतो. जावा."

मी संपतला विचारलं, "जेवलास का?"

"न्हाई. सौदा झाल्यावर जेवायचं व्हतं."

आली का पंचाईत. उपाशीपोटी रक्त काढता येत नाही. चक्कर येते, कधी माणूस पडतोही. एक वाजायला दहा मिनिटं होती. शिंदे धावत गेले आणि यार्डाच्या तोंडाशी असलेल्या गाड्यावरून केळी, भडंगाचा पुडा आणि चहा घेऊन आले. संपत ट्रॉलीच्या दांडीवर बसून खायला लागला. शिंदे त्याच्यासमोर दोन फुटांवर उभे राहून प्रत्येक घास मोजत होते.

तिसऱ्या केळ्याला संपत थांबला. "आवं, तुमी आसं बगू नगा. घास उतरंना."

शिंदे पाठ फिरवून उभे राहिले. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

आम्ही तिघं एकाच स्कूटरवरून परत आलो. कायदा मोडला, कबूल आहे. एक वाजून वीस मिनिटांनी संपत कॉटवर आडवा होता. मी त्याचं वजन, ब्लडप्रेशर, हिमोग्लोबिन बघितलं. डॉक्टरांनी गट पुन्हा स्वतः तपासला. कार्डावर ओ निगेटिव्ह लिहिलंय म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. काचेवर थेंब टाकले. ओ निगेटिव्ह.

पिशवी भरत असताना संपतनं विचारलं, "बाई हाय कशी?"

"हाय अजून," शिंदे म्हणाले. एवढंच.

तपासण्या झाल्या. सगळ्या स्वच्छ. क्रॉसमॅच लावला. नळी उजेडासमोर धरून तिरकी करायची आणि आत गुठळ्या दिसतात का बघायचं, एवढंच काम असतं. मी ते हजारो वेळा केलेलं. त्या दिवशी माझ्या नजरेवर माझाच विश्वास नव्हता, म्हणून नळी डॉक्टरांनी धरली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पटलं," ते म्हणाले.

तीनला पाच कमी असताना शिंदे दोन्ही पिशव्या थर्मासच्या डब्यात घेऊन निघाले. संपत त्याआधीच बिस्किटं खाऊन, चहा पिऊन, पायी यार्डाकडे गेला होता. मी रिक्षा करून देते म्हटलं तर म्हणाला, "नगं. पाय मोकळं हुत्यात."

मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. डॉक्टर आपटे सहसा चारला घरी जायचे. त्या दिवशी गेले नाहीत. पेपर उघडून बसले आणि एकच पान धरून बसले. साडेचार होऊन गेल्यावर फोन वाजला. मी घेतला.

"मॅडम," पलीकडे शिंदे होते आणि त्यांचा श्वास लागला होता. "मुलगी झाली. दोघी ठीक हायत. दोन्ही पिशव्या लागल्या मॅडम. दोन्ही." शेवटी म्हणाले, "त्या संपतला सांगा."

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. पाय एकदम हलके झाले, जसे कित्येक तासांनी चपला काढल्यावर होतात. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "चला, पेढे येतील." मला वाटलं, मी तेवढ्यावर सुटले. पण दारात जाऊन ते वळले. "माने, ते तुमचं कॅरी बंद करून टाका. बाकीचे शॉर्टकट ठेवा. पाटील टाइप करण्यात कुणी आयुष्य घालवू नये."

संपतला निरोप द्यायला मी स्वतः यार्डात गेले. आण्णांचा माल गेला होता, ट्रॅक्टरही गेला होता. मुकादम होता. त्याला सांगितलं. त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि पुढच्या सगळ्या हमालांना ओरडून सांगितलं, "पोरगी झाली रं! बाई बी ठीक हाय!" यार्डातल्या ज्यांना ती बाई कोण हे ठाऊक नव्हतं, तेही हसले.

पुढच्या रविवारी मी एसटीनं बेलवाडीला गेले. तातोबानं कार्डांचा गठ्ठा काढून दिला. साखरेच्या पोत्यामागे, सुतळीनं नीट बांधून ठेवला होता. चहा पाजला. चहाबरोबर दोन गोष्टी ऐकवल्याही, त्या मी मुकाट्यानं ऐकल्या. तिथून शेडवर गेले. अठरापैकी अकरा जण भेटले. बाकीच्यांना शोधायला पावसाळा उजाडला. टाइपिंगमध्ये वाचवलेला सगळा वेळ त्यात गेला आणि वर थोडा अंगावरच आला.

मग मी कॉम्प्युटर लावून त्या अठरा नोंदी दुरुस्त केल्या. संपतचं खरं गाव लिहिलं. ते जत तालुक्यातलं निघालं. त्याच्या गावात तेव्हा पी.पी. द्यायलाही फोन नव्हता. कर्सर फोनच्या रकान्यात येऊन लुकलुकत राहिला. मी काही न लिहिता पुढे गेले. आधी तिथं तातोबाचा नंबर होता, म्हणून संपत बेलवाडीचाच असं धरून मी दोन मिनिटांत फोन ठेवून दिला होता. जागा कोरी असती, तर श्रीरंग मास्तरांसाठी केलेल्या पहिल्याच फोनला मी हा माणूस कुठला, अशी चौकशी केली असती.